घरी असल्याचा पुरावा

माझ्या धाकट्या बहिणीवर घरी नसल्याचा आळ आला, तेव्हा ती घरीच होती. आईच्या खाटेपासून हातभर अंतरावर खिडकीखाली टेबल लावून, कानाला हेडफोन अडकवून ती कंपनीचं काम करत होती. आळ घेणारी माणसं पुण्यात होती आणि त्यांच्या संगणकाने त्यांना सांगितलं होतं की ही बाई नागपुरात आहे. त्याआधी ती हैदराबादला होती, असंही त्यानेच सांगितलं होतं. या प्रकरणात मला जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल, आणि मी काही थंड डोक्याची बाई म्हणून ओळखली जात नाही.

मुळात गोष्ट अशी. आमची आई गोरेगावला राहते, मुंबईच्या नव्हे, हिंगोली जिल्ह्यातल्या. अंगणवाडी सेविका म्हणून तिने तिथे अख्खी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावरही दर रविवारी विहारात बायकांना जमवून वंदना घेणारी तीच. गेल्या वर्षी ती ओसरीच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला आणि आई घरी आली ती वॉकर घेऊन. उठताना तिला एक माणूस लागतं, न्हाणीत जाताना एक माणूस लागतं, आणि ते परकं चालत नाही. मी हिंगोलीला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, म्हणजे आईला माझ्याकडे आणायची सोय नाही. धाकटी पुण्यात एका कंपनीत दवाखान्यांची बिलं तपासायची. विम्याचे पैसे मागणाऱ्या लोकांनी जोडलेली बिलं खरी की फुगवलेली हे बघण्यात ती इतकी तयार झाली होती की औषधाचं नाव बघून रोग सांगायची. हे काम संगणकावरचं. म्हणून तिने कंपनीला विचारलं की मी घरून केलं तर चालेल का, आणि कंपनी हो म्हणाली.

आम्हाला आकाश ठेंगणं झालं. नोकरीही राहणार आणि आईजवळ लेकही राहणार, यापेक्षा आणखी काय हवं होतं?

कंपनीची अट एकच होती. बिलांमध्ये लोकांच्या आजारपणाची माहिती असते, ती भलतीकडे जाऊ नये म्हणून काम फक्त नोंदवलेल्या जागेवरूनच उघडेल. त्यासाठी तुमचा आयपी नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कळवा. धाकटीने गोरेगावातल्या केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं, राउटरचा डबा भिंतीवर बसवला, संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन नंबर शोधला आणि पाठवून दिला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच. चार आकडे आणि मधे ठिपके.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं की हा नंबर चालणार नाही, खरा पाठवा. धाकटीने मला फोन केला. मी म्हटलं, खरा म्हणजे काय, तू काय खोटा पाठवलास? मी माझ्या हिंगोलीच्या घरातला संगणक उघडला आणि तीच जागा शोधून काढली. तिथेही तोच नंबर. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच. मधे सेनगाव, मधे शेतं, मधे अर्धा जिल्हा, आणि दोन बहिणींच्या घरात एकच नंबर! मला वाटलं, केबलवाल्यांनी आपल्याला मूर्ख बनवलंय. कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या सहकाऱ्याला मी तावातावाने हे सांगितलं, तर तो हसायला लागला. म्हणाला, मॅडम, माझ्या घरीपण तोच असेल. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे त्याने पुढचा अर्धा तास सांगितलं आणि मला त्यातलं निम्मंच कळलं.

बाकीचं निम्मं मला आईमुळे कळलं, तिने काही न सांगताच. त्या शनिवारी गोरेगावला गेले होते. आई खाटेवरून हाक मारत होती, "धाकटे, इकडं ये गं." आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात मी मोठी आणि ती धाकटी. घरात हाक मारायला एवढं पुरतं. शेजारच्या घरातही एक मोठी आहे आणि एक धाकटी आहे, त्याने काही घोटाळा होत नाही. पण हिंगोलीच्या बसस्टँडवर उभं राहून कोणी धाकटी म्हणून ओरडलं तर आमची धाकटी थोडीच वळून बघणार? राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, तो असा घरातला नंबर. उंबऱ्याच्या आत खरा, बाहेर कवडीचा उपयोग नाही. बाहेरच्या जगाला दिसतो तो वेगळाच नंबर, तो इंटरनेटवाला देतो आणि अख्ख्या घराला मिळून एकच असतो. घरातला फोन असो, टीव्ही असो की धाकटीचा संगणक, बाहेर पडताना सगळे तोच नंबर लावून बाहेर पडतात. परत आलेलं उत्तर कोणाचं आहे हे राउटर लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्याला देतो.

मला हे समजल्याचा इतका आनंद झाला की मी ते आईलाही समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता झालं ना काम?"

झालं होतं. बाहेरचा नंबर कसा बघायचा हे सहकाऱ्याने सांगितलं होतं, तो धाकटीने पाठवला, कंपनीने मान्य केला आणि संगणकावर तिचं काम उघडलं. तिने बिलं तपासायला सुरुवात केली. मधेच उठून ती आईला धरून न्हाणीत नेई, परत येऊन बसे. आई मला फोनवर सांगायची की पोरगी जेवायला ताटावर बसते आता, पुण्यात काय खायची कोण जाणे.

ते सुख फार टिकलं नाही. एका सकाळी तिने संगणक लावला तर काम उघडेना. कंपनी म्हणे, तुम्ही नोंदवलेल्या जागेवर नाही आहात. नंबर बघितला तर बदललेला. नवा कळवला, मान्य व्हायला एक दिवस गेला, तो दिवस बिनपगारी. पुन्हा काम सुरू. पुन्हा एके दुपारी बंद, पुन्हा नंबर बदललेला. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी धाकटीचा फोन आला की मी तिच्यावरच चिडायचे. जणू नंबर तीच बदलत होती. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ताई, मलाच ओरडून काय होऊन राहिलं?"

कारण सापडलं ते मी एका रविवारी तिथे असताना. आईच्या गल्लीत एक रीत आहे. काही वर्षांपूर्वी डीपीवर, म्हणजे गल्लीला लाईट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, काहीतरी बिघडलं, लाईटचा दाब एकदम वाढला आणि गल्लीतले टीव्ही, पंखे, मोबाईलचे चार्जर धडाधड जळाले. कुणाचा फ्रिजही गेला. तेव्हापासून लाईट जरा डोळे मिचकावायला लागली की ज्याच्या आधी ध्यानात येईल तो दारात येऊन ओरडतो, "पिना काढा!" ती हाक पुढच्या घरातून पुढच्या घरात जाते आणि अख्खी गल्ली उठून भिंतीतल्या पिना उपटते. मग लाईट स्थिर झाली की सगळ्या पिना एकदम परत. त्या रविवारी हेच झालं. आई वॉकर धरून स्वतः उठली. एरवी पाण्याच्या तांब्यासाठी दहा हाका मारणारी आई पिना काढायला मात्र कुणाची वाट बघत नाही. तिने टीव्हीची काढली, फ्रिजची काढली आणि जाता जाता राउटरचीही काढली.

राउटर बंद होऊन चालू झाला की इंटरनेटवाला त्याला नवा नंबर देतो. जो मोकळा असेल तो. आणि इथे तर अख्ख्या गल्लीचे राउटर एकदम बंद होऊन एकदम चालू होत होते, म्हणजे नंबरांची सगळी खिचडी. धाकटीचा मंजूर झालेला नंबर समोरच्या घरात जाऊन बसायचा आणि समोरच्या घरातला हिच्याकडे यायचा. त्या घरातली मंडळी पुण्याच्या कंपनीच्या दृष्टीने मंजूर, आणि आमची धाकटी नामंजूर. मला हसावं की रडावं कळेना.

मी आईला बजावलं की काही झालं तरी त्या पांढऱ्या डब्याला हात लावायचा नाही. राउटरसाठी छोटी बॅटरी आणून बसवली, जेणेकरून लाईट गेली तरी डबा चालू राहावा. पुढच्या वेळी आईने बॅटरीचीही पिन काढली आणि डब्याची वायरही ओढली. मी फोनवर आवाज चढवला तर ती म्हणाली, "टीव्ही जळला तवा तू होती का इथं? धूर निघून राहिला होता. लेकरू इथं बसून काम करती, तिच्या अंगावर जळलं तर?" तिने जे काढलं होतं ते धाकटीला जपण्यासाठीच काढलं होतं. शेवटी धाकटीने राउटर उंच खिळ्यावर टांगला, जिथे वॉकरवाल्या माणसाचा हात पोचत नाही. आईला राग आला, पण तेवढ्यापुरता प्रश्न मिटला.

आम्हाला वाटलं की मिटला. पण केबलवाल्याच्या दुकानातच लाईट गेली की तिथलं यंत्र बंद पडायचं आणि सगळ्या गावाचे नंबर नव्याने वाटले जायचे. सहकारी म्हणाला, कायमचा नंबर मागून घ्या, मिळतो तसा, त्याला स्टॅटिक म्हणतात. धाकटी केबलवाल्याकडे गेली. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे, डिश, केबल, मोबाईलची कव्हरं आणि इंटरनेट असं सगळं एकाच काउंटरवर. माणूस मनाने चांगला. म्हणाला, ताई, एवढंच ना, आजच करून देतो. संध्याकाळी घरी आला, राउटरमध्ये काहीबाही टाईप केलं आणि छातीवर हात ठेवून सांगून गेला की आता तुमच्या कॉम्प्युटरचा नंबर जन्मात बदलणार नाही.

तो नंबर होता एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच. त्याने घरातला नंबर पक्का केला होता! धाकटी घरात धाकटीच राहील, याची त्याने हमी दिली होती. धाकटीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हिंगोलीत स्वयंपाकघरात उभी होते, हातातलं लाटणं मी ओट्यावर आपटलं.

पुढच्या शनिवारी मीच त्याच्या दुकानात गेले. मास्तरीण असल्याचा थोडा फायदा होतो, माणसं ऐकून घेतात. मी त्याला मोठी, धाकटी आणि बसस्टँडचं उदाहरण देऊन सगळं समजावलं. त्याने मान डोलवली आणि खरी अडचण सांगितली. बाहेरचे नंबर त्याच्या हातात नव्हते. तो नागपूरच्या एका मोठ्या कंपनीकडून लाईन घ्यायचा, नंबर ते देत, आणि तेही मोजकेच. वर त्याने सांगितलं की या महिन्यापासून घराला एक नंबर हेही बंद होतंय. गिऱ्हाईक वाढलं, नंबर वाढले नाहीत. आता बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा नंबर. मी विचारलं, काहून? तो म्हणाला, "मॅडम, नंबरच संपले. जगातले."

जगातले नंबर संपले! मला वाटलं हा थापा मारतोय. सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, खरंच आहे. ही चार आकड्यांची पद्धत ज्यांनी आखली त्यांना वाटलं नव्हतं की एक दिवस फोनालाही नंबर लागेल आणि टीव्हीलाही. नवी, लांबलचक नंबरांची पद्धत आली आहे, पण सगळीकडे पोचलेली नाही, आणि धाकटीच्या कंपनीचं कुलूप जुन्याच पद्धतीचं होतं. ज्यांनी आधी घेऊन ठेवले त्यांच्याकडे नंबरांचे ढीग आहेत. आमच्याकडे सगळं पोचतं तेव्हा वाटप झालेलं असतं, ही मला नवी गोष्ट नव्हती. पण आकडेसुद्धा संपावेत? लहानपणी आईनेच आम्हाला अंगणवाडीत शिकवलं होतं की आकडे कधी संपत नाहीत.

त्यानंतर ते आळाचं प्रकरण झालं. कंपनीच्या सुरक्षा विभागाने धाकटीला कळवलं की तुमच्या नंबरावरून एकाच वेळी खूप माणसं इंटरनेट वापरताना दिसतात. शिवाय हा नंबर नागपूरचा आहे, त्याआधीचा हैदराबादचा होता. तुम्ही घरी आहात असं तुम्ही लिहून दिलं आहे. तुमचं काम तुम्ही दुसऱ्या कोणाकडून करून घेत आहात का, याचा खुलासा करावा. तोवर काम बंद.

धाकटी फोनवर रडली नाही. ती फक्त म्हणाली, "ताई, मी इथंच हाय ना गं?" आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईसाठी पुण्याची खोली सोडून आलेली, मैत्रिणी सोडलेल्या, चार महिने गोरेगावच्या बाहेर पाऊल न टाकलेली पोरगी, आणि तिला विचारतात तू आहेस कुठे? नागपूरचं कारण आता मला ठाऊक होतं. नंबर ज्या कंपनीच्या नावावर आहे तिचं ऑफिस नागपूरला, म्हणून नकाशा नागपूर दाखवतो. जुने नंबर हैदराबादच्या कुणाकडून आलेले, म्हणून तो हैदराबाद दाखवत होता. माणूस कुठे बसलंय हे त्या नकाशाला काडीचंही कळत नाही. पण बोलतो तो ठासून.

व्हिडिओवर सुनावणी ठरली. मी रजा टाकली, सकाळची जीप धरून सेनगाव आणि तिथून गोरेगाव गाठलं. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. काम बंद असल्यामुळे संगणकावरून कंपनीशी बोलता येत नव्हतं, म्हणून धाकटीने फोन तांब्याला टेकवून टेबलावर ठेवला आणि मोबाईलच्या नेटवरून कॉल लावला. पलीकडे एक अधिकारी बाई होत्या, तरुण, बोलायला नम्र. मी जुळवलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली, पण त्यांनी सांगितलं की फक्त कर्मचाऱ्यानेच बोलावं. मला गप्प बसावं लागलं, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांना कळेल की ते मला किती जड गेलं असेल.

धाकटीने शांतपणे सगळं सांगितलं. घरातला नंबर, बाहेरचा नंबर, गल्लीतल्या पिना, केबलवाला, नागपूर. बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी खोली दाखवायला सांगितलं. धाकटीने फोन उचलून फिरवला. खिडकी, उंच खिळ्यावरचा राउटर, वॉकर, खाट आणि खाटेवर डोक्यावरून पदर घेऊन बसलेली आई. बाईंनी आपल्या पडद्याकडे बघितलं. म्हणाल्या की आत्ता या क्षणी तुमचा नंबर मुंबई दाखवतोय. मोबाईल कंपनीचा नंबर मुंबईतला असणार, दुसरं काय? धाकटी काही बोलायच्या आत आई बोलली.

"बाई, ती इथंच हाय. सकाळपासून दोनदा तिनं मला धरून नेलं. मुंबईहून कसं धरंल?"

बाईंचा चेहरा मऊ झाला. त्या म्हणाल्या, "आजी, मला दिसतंय हो. पण मला दिसून चालत नाही. सिस्टमला दिसावं लागतं."

आळ मागे घेतला गेला. तेवढा न्याय झाला. पण अट कडक झाली. महिनाभरात कायमचा, फक्त तुमचाच, महाराष्ट्रातला पत्ता दाखवणारा बाहेरचा नंबर घ्या, नाहीतर पुण्याच्या ऑफिसला रुजू व्हा. त्या बाईंच्या हातात याहून जास्त काही नव्हतं, असं धाकटी म्हणाली. मला तेही पटलं नाही. डोळ्यांनी खाटेवरची आई बघितल्यावर माणसाच्या हातात काहीच उरत नाही, हे कसं?

आम्ही महिनाभर खटपट केली. नागपूरच्या कंपनीने गोरेगावला असा नंबर द्यायला नकार दिला. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, तुमच्या गल्लीपर्यंत आमची वायर नाही. सेनगावला चौकशी केली, तिथेही नाही. हिंगोलीत मात्र मिळत होता. माझ्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मी एका दिवसात जोडणी करून घेतली. बाहेरचा नंबर, कायमचा, आमच्या एकट्याचा.

आईला आणावं म्हणून मी जिना उतरून खालून वर बघितलं. तीन मजले. चौघांनी खुर्चीत बसवून आणलं तरी एकदा वर आलेली आई पुन्हा खाली कधी उतरणार? तळमजल्यावर भाड्याची जागा बघून राहिलो, अजून मनासारखी मिळालेली नाही. आई म्हणाली, माझी काळजी करू नका, नोकरी सोडायची नाही. शेजारच्या काकू दुपारी एकदा डोकावून जातील असं ठरलं. पुणे नको, निदान संध्याकाळी तरी लेक घरी असावी, म्हणून धाकटी रोज सकाळी जीपने हिंगोलीला येते, माझ्या मागच्या खोलीत बसून काम करते आणि दिवेलागणीला परत जाते. धाकटीने कंपनीला कळवलं की घर बदललं, आई आणि ती आता हिंगोलीला राहतात. हे लिहिताना तिने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं लिही.

त्यानंतर काम एकदाही बंद पडलं नाही. कंपनी खूश आहे. त्यांच्या नोंदीप्रमाणे धाकटी रोज, न चुकता, घरी असते.

गेल्या आठवड्यात त्याच अधिकारी बाईंचा फोन आला. मी कॉलेजातून नुकतीच आले होते, दारातच थांबले. तपासणी पूर्ण झाली, तुमची जागा अगदी व्यवस्थित दिसते आहे, असं सांगायला त्यांनी फोन केला होता. माणूस चांगलं होतं, नुसतं तेवढं सांगून थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं की आजी कशा आहेत, त्या दिवशी फार गोड बोलल्या होत्या.

धाकटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरी आहे मॅडम. इथंच आहे, आत झोपली आहे."

खरं बोलत होती तेव्हा तिला कुणी खरं मानलं नाही. आता ती खोटं बोलली आणि ते अख्ख्या यंत्रणेने सहीशिक्क्यासकट खरं मानलं. फोन ठेवून तिने हेडफोन काढला आणि लगेच गोरेगावला आईला फोन लावला. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. रिंग वाजत होती. वाजून वाजून बंद झाली. तिने पुन्हा लावला. आई फोन उशाशी ठेवत नाही, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवते, कितीदा सांगितलं तरी. खाटेवरून एकटीने उठून, वॉकर धरून तिथवर यायला तिला वेळ लागतो. आम्ही दोघी रिंग ऐकत उभ्या होतो.